नियम अकरा आणि पट्टीवहिनी

आमच्या कोर्टाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काम केलेल्या एका बाईवर पुस्तकं खराब केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्या आरोपपत्राखाली तीन वकिलांच्या सह्या आहेत आणि त्यातली तिसरी माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे. स्वतःला वगळून चिडला असं कुणी म्हणायला नको.

बाईंना सगळे पट्टीवहिनी म्हणत. वहिनी का, तर त्यांच्या यजमानांचं कोर्टासमोरच्या गल्लीत पुस्तकबांधणीचं दुकान होतं आणि झाडून सगळे वकील त्यांना भाऊ म्हणत. पट्टी का, ते सांगायला थोडा वेळ लागेल.

कायद्याचं पुस्तक छापून आलं की त्याच दिवसापासून ते जुनं व्हायला लागतं. सरकार एखाद्या कलमातले दोन शब्द बदलतं. दोन शब्दांसाठी नवं पुस्तक कोण छापणार? मग एक चिटोरं येतं, अमुक पानावर तमुक ओळीत या शब्दांऐवजी हे शब्द वाचावेत. ते चिटोरं कापायचं आणि बरोबर त्या ओळीवर चिकटवायचं. ही झाली दुरुस्तीची पट्टी. निवाड्यांचं काम याहून किचकट. वरच्या कोर्टांचे निकाल जाडजूड खंडांत छापलेले असतात आणि आम्ही वकील ते दाखले म्हणून न्यायाधीशांपुढे ठेवतो. पण आजचा निकाल दहा वर्षांनी आणखी वरचं कोर्ट चुकीचा ठरवू शकतं. तो निकाल मेला. पुस्तकात मात्र तो छापल्या दिवसाइतकाच ठणठणीत दिसतो. म्हणून त्याच्या डोक्यावर कुणीतरी तांबड्या पेन्सिलीने लिहून ठेवावं लागतं, ‘रद्द. पाहा खंड अमुक, पान तमुक.’ हे कुणीतरी म्हणजे पट्टीवहिनी.

नवा खंड आला की त्या आधी मागची पानं उघडत. तिथे एक यादी असते. या खंडातल्या निकालांनी जुन्या कोणत्या निकालांना उचलून धरलं, कोणत्यांवर शंका घेतली, कोणते मोडीत काढले, याची. ती यादी घेऊन वहिनी शिडीवर चढत, एकेक जुना खंड उतरवत, पान काढत आणि नोंद करत. पट्ट्यांसाठी खळ घरून आणत, कणकेची, त्यात चिमूटभर मोरचूद घातलेली, म्हणजे कसर लागत नाही. ती भाऊंनी शिकवलेली. पट्टी इतकी सरळ बसायची की बोट फिरवल्याशिवाय कळायचं नाही.

आणि या बाईंचं पद काय? ग्रंथालय सेवक. म्हणजे झाडणं, पुसणं, पुस्तकं उचलून जागेवर ठेवणं. ग्रंथपालाची खुर्ची अठरा वर्षं रिकामी होती. ग्रंथालय चालवतो आमचा वकील संघ, म्हणजे बार; त्याच्या समितीच्या बैठकीत दरवर्षी विषय निघायचा आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, ‘चाललंय की काम.’ चाललंच होतं. कोण चालवतंय हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

मी पहिल्यांदा त्या खोलीत पाय ठेवला तेव्हा माझ्या काळ्या कोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती. माझे सीनियर, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, त्यांनी एक निकाल शोधून मुद्दा लिहून आणायला सांगितला होता. मी निकाल शोधला, वरचा गोषवारा भराभरा उतरवून घेतला आणि निघालो. टेबलापाशी वहिनी पुसत होत्या. त्यांनी माझ्या कागदाकडे तिरक्या नजरेने पाहिलं.

“भाऊजी, हे कुणी लिहिलंय?”

“न्यायाधीशांनी.”

“न्यायाधीश खाली आहेत, सोळाव्या ओळीपासून. वरचं हे हेडनोट. ते छापणाऱ्याच्या माणसाने लिहिलंय.”

“पण तेच असतं ना?”

“हेडनोट म्हणजे मुलीच्या मामाने केलेलं मुलीचं वर्णन,” त्या म्हणाल्या. “मामा काही खोटं बोलत नाही. पण मुलगी बघून या तुम्ही.”

मी बसून अख्खा निकाल वाचला. मामाने एक महत्त्वाची अट गाळली होती. ती न वाचता मी गेलो असतो तर मोठ्या साहेबांनी माझी सालटी काढली असती.

त्यानंतर वहिनींनी मला काय काय शिकवलं त्याची मोजदाद नाही. एखाद्या विषयावरचे सगळे निकाल एका जागी हवेत तर आधी डायजेस्ट उघडायचं, पण डायजेस्ट वाचून कोर्टात उभं राहायचं नाही, कारण ती नुसती पाटी, गाव पुढे आहे. निकालातली जी गोष्ट खटला सुटण्यासाठी लागलीच नसती ती न्यायाधीशांनी जाता जाता बोललेली, तिच्यावर सगळा भार टाकायचा नाही. एखादा निकाल पुढच्या कोर्टाने ‘इथे लागू नाही’ म्हणून बाजूला ठेवला असेल तर तो जिवंत असतो, आणि ‘चुकीचा होता’ म्हटलं असेल तर मेलेला. हा फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. वहिनी बाजूला ठेवलेल्याला निळी खूण करत आणि मेलेल्याला तांबडी. कॉलेजात पाच वर्षं घालवून मला हे कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. जिने सांगितलं तिच्या हातात फडकं होतं.

आता ज्या दिवशी हे सगळं बिनसलं तो दिवस.

मोठे साहेब एका घरमालकाच्या बाजूने उभे होते. समोर एक म्हातारा शिंपी, त्याचं दुकान रिकामं करून हवं होतं. शिंप्याच्या बाजूने उभी होती एक वकील पोरगी, सनद मिळून वर्षही झालं नव्हतं. मोठ्या साहेबांनी ऐटीत एक निकाल वाचायला घेतला. आवाज असा की मागच्या बाकावरचे पक्षकार ताठ बसले. पोरगी उठली आणि हळूच म्हणाली, “हा निकाल नऊ वर्षांपूर्वी रद्द झालाय.” तिने खंड आणि पान सांगितलं. न्यायाधीशांनी पुस्तक मागवलं, पाहिलं आणि चष्म्यावरून मोठ्या साहेबांकडे पाहत म्हणाले, “तुमच्यासारख्या ज्येष्ठ माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.”

ही चूक झाली कशी? समितीच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. त्यात निवाड्यांचा आणि कायद्यांचा दुसरा संच आहे, सोनेरी अक्षरांचा, कोरा करकरीत. पाहुणे आले की दाखवायला. त्या कपाटाची किल्ली समितीकडे आणि त्याला वहिनींनी हात लावायचा नाही असा तोंडी हुकूम. कारण काय, तर पुस्तकं स्वच्छ राहावीत. राहिली स्वच्छ. त्यात एक पट्टी नाही, एक तांबडी खूण नाही. त्या संचात कुणी कधी मेलंच नाही, सगळे निकाल अमर. मोठे साहेब समितीचे अध्यक्ष झाल्यापासून खाली ग्रंथालयात यायचे बंद झाले होते. ते त्या कपाटातून वाचत.

कुणालाही वाटेल की माणसाला लाज वाटली असेल. मोठे साहेब तसेच तरातरा ग्रंथालयात आले, तो खंड खाली ओढला आणि पान उघडलं. डोक्यावर तांबड्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं, ‘रद्द’. ते पाहून त्यांना मिरच्या झोंबल्या. शेजारी दहा-बारा वकील बसलेले. त्यांच्यादेखत ते ओरडले, “पुस्तकांत हे कोण गिरगटतंय?”

वहिनी शिडीवर होत्या. “मी लिहिते साहेब,” त्या तिथूनच म्हणाल्या.

“कुणाच्या परवानगीने?”

वहिनी उतरेपर्यंत ते निघूनही गेले होते. त्या दहा-बारा वकिलांपैकी एकही तोंडातून ब्र काढेना. सगळ्यांच्या हातात वहिनींनी खुणा केलेली पुस्तकं होती.

चार दिवसांनी मला मोठ्या साहेबांचा फोन आला. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं घडलो, अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसतो. “एक छोटी चौकशी समिती करतोय,” ते म्हणाले. “मी, आपले काका आणि तू. आरोपपत्र तूच लिही, तुझी भाषा चांगली आहे.” काका म्हणजे बारमधले सर्वांत वयस्कर वकील. त्यांना ऐकू कमी येतं आणि झोप लवकर येते. मी विचारलं, आरोप कशाचा? “नियम अकरा. ग्रंथालयाच्या पुस्तकांवर कुणीही कोणत्याही प्रकारची खूण करू नये. सरळ आहे.”

सरळच होतं. मी समितीच्या खोलीत गेलो, काचेच्या कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, नियम अकरा उतरवून घेतला आणि दोन सुनावण्यांच्या मधल्या वेळात आरोपपत्र लिहून मोकळा झालो. ‘अकराशे चाळीस खंडांचे विद्रूपीकरण’ हे शब्द माझे. लिहिताना मला ते छान वाटले होते. आज ते आठवले की माझीच मला किळस येते.

वहिनींच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. आरोप सिद्ध झाला तर काढून टाकायचं, असं मोठ्या साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं. एकतीस वर्षांचं काम विद्रूपीकरण ठरणार आणि त्या बाई पुस्तकं नासवणारी म्हणून त्या दारातून बाहेर पडणार. नोटीस हाती पडल्यावर वहिनींनी एका ओळीचं उत्तर दिलं, ‘जे सांगायचं ते सुनावणीत सांगेन.’ आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला येऊन नव्या खंडाची यादी घेऊन शिडीवर चढल्या.

मला राहवेना. सुनावणीच्या आधीच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दुकानावरच दोन खोल्या आहेत. खाली दाबयंत्र, कातडी पुठ्ठे, शिवणीचे दोरे, आणि वर जाणारा अरुंद जिना. भाऊंचे हात अलीकडे थरथरतात, त्यामुळे शिवण आता वहिनीच घालतात, सकाळी कामावर जायच्या आधी. मुलगी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. ती दारात आली, मला ओळखलं आणि आत निघून गेली.

भाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

“कशाला आलात?” ते म्हणाले. “अजून काही लिहायचं राहिलंय?”

“भाऊ, मला वाटलं वहिनींना भेटावं.”

“एकतीस वर्षं हिने तुमची लाज राखली. कोण चुकीचं पान घेऊन चाललंय, कुणाचा दाखला मेलेला आहे, दारातच अडवून सांगायची. एकाचं नाव कधी घरी घेतलं नाही. मी विचारायचो, आज कोण? तर म्हणायची, असं सांगायचं नसतं. आणि तुम्ही तिला गिरगटणारी म्हणता? तुमच्या त्या साहेबाचं पहिलं पुस्तक मी बांधलंय. त्याला पाठपोट कळत नव्हतं तेव्हा!”

“अहो, जाऊ द्या,” आतून वहिनी बाहेर आल्या. हाताला खळ लागली होती. त्यांनी मला स्टूल सरकवलं, चहा दिला. मी तोंड उघडलं, “वहिनी, सुनावणीत तुम्ही असं सांगा की…”

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही समितीत आहात. माझ्या खटल्याबद्दल माझ्याशी बोलायचं नाही. हे तुम्हाला बाधेल.”

माझ्या हातातला कप तिथेच राहिला. मी आरोपपत्र लिहिणारा, न्याय करायला बसणारा, आणि रविवारी सकाळी आरोपीच्या घरी चहा पिणारा. मला जे कळायला हवं होतं ते त्या मला शांतपणे सांगत होत्या. मी चहा संपवून उठलो. जिना उतरताना भाऊंचा आवाज ऐकू येत होता, माझ्याबद्दलच, आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

सुनावणी समितीच्या खोलीत झाली. त्या काचेच्या कपाटासमोर. मोठे साहेब मधे, काका डावीकडे, मी उजवीकडे. वहिनींना बसायला खुर्ची ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी उठून आणायला गेलो तर मोठे साहेब म्हणाले, “राहू दे, पाच मिनिटांचं काम आहे.” मी राहू दिलं. खाली बसलो. हीही माझीच कमाई.

“या खुणा तुम्ही केल्या, मान्य?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“मान्य.”

“पट्ट्या?”

“त्याही मीच.”

“नियम अकरा माहीत आहे?” त्यांनी काचेच्या कपाटातली प्रत उघडून मोठ्याने वाचला. कुणीही, कोणत्याही प्रकारची खूण.

“साहेब, ही प्रत कधी छापलेली?” वहिनींनी विचारलं.

“त्याचा काय संबंध?”

“नियम वाचायच्या आधी प्रत बघावी लागते. ही पहिली छपाई आहे. यातला अकरावा नियम चोवीस वर्षांपूर्वी बदललाय.” त्यांनी पिशवीतून ग्रंथालयातली प्रत काढून टेबलावर ठेवली. नियम अकराखाली पट्टी होती, अगदी सरळ बसलेली. तिच्यावर छापलं होतं, ‘मात्र ग्रंथालय सेवकाने दुरुस्तीच्या पट्ट्या लावाव्यात व रद्द झालेल्या निवाड्यांवर तशी नोंद करावी.’

लावाव्यात. करावी. म्हणजे परवानगी नव्हे, काम! न केलं असतं तर आरोप ठेवता आला असता. मी पाच वर्षं कायदा शिकलो, चौदा वर्षं वकिली केली आणि एका बाईची नोकरी घ्यायला निघताना कायदा चालू आहे की मेलेला एवढंही पाहिलं नाही. मोठे साहेब ज्या कपाटापायी कोर्टात तोंडावर आपटले त्याच कपाटातून मी नियम उतरवला होता.

मोठे साहेब मात्र वकिलीत मुरलेले. “पट्टी तुम्हीच चिकटवलीत,” ते म्हणाले. “आरोपीने स्वतः चिकटवलेला कागद पुरावा कसा?”

मला वाटलं, आता संपलं. वहिनी अजिबात डगमगल्या नाहीत.

“बरोबर आहे साहेब. पट्टी पुरावा नसतेच. पट्टी फक्त कुठे बघायचं ते सांगते.” त्यांनी पट्टीच्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांवर बोट ठेवलं. “ठराव बत्तीस. बैठकांचं इतिवृत्त, तिसरी वही. ती सचिवांच्या कपाटात असते, त्याची किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती. मागवून घ्या.”

वही आली. अर्धा तास लागला, तेवढा वेळ त्या उभ्याच. मी पानं उलटली. ठराव बत्तीस, शब्द न् शब्द तोच. खाली ‘सूचक’ म्हणून ज्याची वळणदार सही होती तो माणूस माझ्या शेजारच्या शेजारी डुलक्या घेत होता. मी वही काकांपुढे ठेवली आणि त्यांना हलवून जागं केलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

“माझीच आहे की,” ते म्हणाले. “अरे हो. त्या वर्षी मी एक मेलेला निकाल देऊन हरलो होतो. तेव्हा मीच म्हटलं होतं, कुणीतरी खुणा करायला हव्यात.”

मला वाटलं, आता मोठे साहेब हसतील, उठतील, वहिनींचे हात हातात घेतील. मी अजून माणसांबद्दल असं काहीतरी वाटून घेतो. ते म्हणाले, “निर्णय राखून ठेवला आहे. तुम्ही जा.”

वहिनी गेल्या आणि मी फुटलो. “राखून काय ठेवताय? आरोपच उरला नाही!”

“बस खाली,” मोठे साहेब म्हणाले. “तिला काढायचं नाही, ठीक? पण समितीने खोटा आरोप ठेवला असं लिहून द्यायचं का? सगळा बार हसेल. मधला मार्ग काढू.”

“मधला कशाच्या? नियमाच्या आणि कशाच्या?”

“हे बघ,” काका म्हणाले, “तिची नोकरी राहतेय ना? मग झालं. एवढं ताणू नये.” आणि स्वतःच सुचवलेल्या ठरावाची वही त्यांनी बंद करून बाजूला सारली. मला ती वही उचलून दोघांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

दोघांनी आदेश लिहिला. सेवकाकडून पुस्तकांवर खुणा झाल्याचे सिद्ध झाले आहे, तथापि दीर्घ सेवा आणि वय लक्षात घेता समिती उदार दृष्टीने सदर वर्तन माफ करीत आहे. ठराव बत्तीसचा उल्लेख नाही. जणू ती वही कपाटातून बाहेर आलीच नाही. मी सही केली नाही. वेगळा कागद घेतला आणि माझं भिन्नमत लिहिलं, दीड पान. आरोप मुळातच होऊ शकत नव्हता, सेवकाने केलं ते नेमून दिलेलं काम होतं, आणि आरोपपत्र लिहिणाऱ्याने, म्हणजे मी, नियम न तपासता लिहिलं. मोठे साहेब म्हणाले, “चेंबरमध्ये पुन्हा पाऊल ठेवू नकोस.” बरं झालं, खुर्चीच्या टोकावर बसून पाठ दुखायला लागली होती.

दोन्ही कागद मीच वहिनींकडे घेऊन गेलो. खरं सांगतो, थोडा मिरवतच गेलो. त्या खिडकीजवळच्या टेबलाशी पट्टी कापत होत्या. त्यांनी कात्री ठेवली, हात पुसले आणि आधी आदेश वाचला, मग माझं दीड पान. सावकाश, बोट फिरवत, जसं त्या निकाल वाचतात तसं.

“चांगलं लिहिलंत,” त्या म्हणाल्या. “पण हे एकट्याचं मत. उद्या कुणी माझी फाइल उघडली तर लागू काय धरणार?”

“दोघांचं,” मी म्हणालो. “पण वहिनी, नोकरी राहिली. काही झालं तरी माफ केलंय त्यांनी.”

“कशाबद्दल?”

मी आदेशातल्या ‘सदर वर्तन’ या शब्दांवर बोट ठेवलं.

“माफ केलं म्हणजे मी काहीतरी केलं होतं,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. “चोवीस वर्षं यांनी सांगितलेलं काम केलं, आणि मला माफ करतायत! कुणी मागितली होती माफी? माझ्या मुलीने हा कागद वाचला तर तिला काय वाटेल? आईने गुन्हा केला, पण साहेब दयाळू होते, असंच ना?”

टेबलांवरचे वकील माना वर करून बघत होते. आज त्यांच्याकडे बघून मी म्हणालो, “बघताय काय? हातातली पुस्तकं बघा कुणी लिहिलीत ती!” सगळ्यांनी माना खाली घातल्या. एवढंच जमतं आमच्या लोकांना.

वहिनींनी आदेश पुन्हा जवळ ओढला. खाली पोच घ्यायची जागा होती. तिथे त्यांनी निळ्या शाईने लिहिलं, ‘मिळाला. मान्य नाही.’ सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“अपील सर्वसाधारण सभेकडे, तीस दिवसांत,” त्या म्हणाल्या. “तो नियम बदललेला नाही, मी कालच बघून ठेवलाय. मला वकील लागेल.”

“मी उभा राहतो ना वहिनी! फुकट, उद्यापासून, सगळं सोडून…”

त्यांनी मान हलवली. रागाने नव्हे, चुकीचं पान घेऊन निघालेल्याला अडवताना हलवत तशी.

“त्या शिंप्याच्या वकील पोरीला विचारलंय मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नाही चालणार, साहेब. आरोपपत्रावर तुमची सही आहे.”